चार आकडे कुणाचे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एक मावशी भर दुपारी आमच्या दारात येऊन बसल्या. मुलगा दम्मामला वेल्डर. त्याच्या खात्याचे ए.टी.एम. कार्ड मावशींच्या हातरुमालात. रडत नव्हत्या, फक्त एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, ‘‘भाऊ, मशीन पैसे नाही म्हणते. पोराने तर पाठवले म्हणतोय.’’

कार्ड हातात घेतले, तर त्यावर भलत्याच माणसाचे नाव! आठ दिवसांपूर्वी ए.टी.एम.वर एका तरुणाने ‘‘आजी, मी काढून देतो’’ म्हणून मदत केली होती. मावशींनी त्याला कार्डही दिले आणि पिन नंबरही सांगितला. त्याने पैसे काढून दिले, हात जोडले आणि दुसरेच कार्ड मावशींच्या हातात ठेवले. पुढच्या दोन दिवसांत खात्यातून ४७ हजार रुपये गेले. घरभाडे, धाकटीची फी आणि दम्मामच्या उन्हात केलेला ओव्हरटाइम, सारे त्यात होते.

वाचकहो, एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पिन नंबर विसरू नये म्हणून तो पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, असे मावशींना दोन वर्षांपूर्वी सांगणारे आम्हीच! बी.कॉम.ची पदवी आणि कारकुनीची इतकी वर्षे गाठीशी असून आम्हाला त्या वेळी यात काही वावगे वाटले नाही. म्हणून आजचे हे लिखाण उपदेश म्हणून न घेता, आमच्या चुकीची दुरुस्ती म्हणून घ्यावे.

आम्ही अर्ज लिहिला आणि मावशींसोबत बँकेत गेलो. साहेबांनी शांतपणे विचारले, ‘‘पिन कुणाला सांगितला होता का?’’ मावशी खोटे बोलल्या नाहीत. तिथेच आमची बाजू लंगडी झाली. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात हा हिशेब स्पष्ट मांडला होता. चूक बँकेची असेल तर ग्राहकाचे नुकसान शून्य. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणी घात केला, तर बँकेचा निरोप आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवल्यास साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजारांपर्यंत झळ. पण पिन ग्राहकानेच दुसऱ्याला दिला असेल, तर तक्रार करेपर्यंतचे सगळे नुकसान ग्राहकाचे. तक्रारीनंतर एक रुपया जरी गेला, तरी तो बँकेचा. म्हणजे कार्ड बंद करायला लागणारे प्रत्येक मिनिट पैशाचे असते.

पैसे गेल्याचे एस.एम.एस. बँकेने पाठवले होते. पण ते गेले मुलाच्या इथल्या जुन्या सिमवर. ते सिम दम्मामला त्याच्या पेटीत, बंद फोनमध्ये. आठ दिवस धोक्याची घंटा वाजत होती आणि ऐकायला कुणी नव्हते.

ही एकाच घराची गोष्ट नव्हे. दुबई, मस्कत, कुवेत, दोहा येथे आपली मुले कामाला आहेत. मुलगा विमानात बसताना आईच्या हातावर कार्ड ठेवतो, कानात चार आकडे सांगतो. त्यात माया आहे, विश्वास आहे. पण कायद्याच्या नजरेत ते चार आकडे फक्त खातेदाराचे. आई, बायको, सख्खा भाऊ, कुणाचेही नव्हेत. मग घर चालायचे कसे? त्याला सरळ मार्ग आहेत.

पहिला आणि आम्हाला सगळ्यांत पटलेला मार्ग म्हणजे आईचे स्वतःचे खाते. किमान शिलकीची अट नसलेले मूलभूत बचत खाते कुठल्याही बँकेत उघडता येते, त्यावर ए.टी.एम. कार्डही मिळते. मुलाने दरमहा घरखर्चापुरते पैसे त्या खात्यात पाठवावेत, बाकीची शिल्लक स्वतःच्या खात्यात ठेवावी. कार्ड आईचे, पिन आईचा. उद्या फसवणूक झालीच, तर महिन्याचा खर्च जाईल, पण वर्षाची कमाई वाचेल. मुलाने आईला पाठवलेल्या पैशावर आईला प्राप्तिकर पडत नाही, ही भीती मनातून काढून टाकावी.

दुसरा मार्ग अधिकारपत्राचा. परदेशी नोकरीला गेलेल्या माणसाने बँकेला तसे कळवायचे असते, हेच पुष्कळांना ठाऊक नाही. फेमा कायद्याप्रमाणे त्याचे इथले साधे बचत खाते मग एन.आर.ओ. खाते होते. परदेशातली कमाई पाठवण्यासाठी वेगळे एन.आर.ई. खाते उघडता येते. त्यातली मुद्दल व व्याज पुन्हा परदेशी नेता येते आणि त्या व्याजावर इथे कर नाही. या खात्यांतून घरची देणी देण्यासाठी आईला किंवा भावाला लेखी अधिकार देता येतो, एन.आर.ई. खात्यावर जवळच्या नातेवाइकाचे नाव ‘पहिला किंवा मागे राहिलेला’ या अटीवर जोडताही येते. शाखेत जाऊन फॉर्म मागावा. कागद करायला एक दिवस मोडेल, पण कागद असला म्हणजे माणूस चोरासारखा दुसऱ्याचे कार्ड वापरत नाही.

आता परदेशात असणाऱ्यांसाठी. इथला मोबाइल नंबर बँकेत नोंदलेला असेल, तर सिम चालू ठेवा आणि रिचार्ज चुकवू नका. बरेच दिवस न वापरलेला नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. मग तुमचे निरोप त्याच्या फोनवर वाजतात! त्यापेक्षा बँकेत तिकडचा नंबर व ई-मेल नोंदवता येतो का ते विचारा. जानेवारी २०२३ मध्ये यू.पी.आय. सेवा दहा देशांच्या मोबाइल नंबरांना खुली करण्याचे ठरले. त्यात सौदी, संयुक्त अरब अमिराती, ओमान व कतार होते. त्यासाठी खाते मात्र एन.आर.ई. किंवा एन.आर.ओ. लागते.

रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशाने कार्डावर चालू-बंदची सोय आली. परदेशातला व्यवहार, ऑनलाइन खरेदी आणि मशीनला नुसते टेकवून पैसे देणे, यांतले जे लागत नाही ते बंद ठेवा. रोजची मर्यादाही कमी करून ठेवा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. बनावट कार्डे वापरून २८ देशांतल्या मशिनींतून पैसे काढले गेले, एकूण ९४ कोटींवर रक्कम गेली. कार्ड आपल्या खिशात असले म्हणजे पैसे सुरक्षित, हा भ्रम त्या वेळी फुटला.

आखातात पगार बँकेत किंवा पगाराच्या कार्डावर जमा होतो. ते कार्ड आणि पिन फोरमन, एजंट किंवा खोलीतला सोबती, कुणाच्याही ताब्यात देऊ नका. सौदीत ‘अबशर’ किंवा ‘नफाथ’चा कोड फोनवर मागणारा माणूस सरकारी नसतो, मग तो हिंदीत कितीही गोड बोलो. इकामा संपला की तिथल्या खात्यावर व्यवहार अडतात, म्हणून नूतनीकरणाची तारीख लक्षात ठेवा. कायमचे परतताना पैसे आधी पाठवा, खाते बंद केल्याचा कागद घ्या, मगच विमानात बसा.

आणि घात झालाच तर? आधी बँकेच्या चोवीस तासांच्या नंबरवर कार्ड बंद करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. मग इथल्या माणसाने १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळेल, तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची आशा. मग बँकेत लेखी अर्ज आणि त्याची शिक्का मारलेली पोच. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

मावशींचे ४७ हजार परत मिळाले नाहीत. पोलिसांत तक्रार आहे, तारखा चालू आहेत. पैशाइतकेच दुसरे दुखणे होते. ‘अडाणी बाईच्या हाती कार्ड दिले’ असे नातलग तोंडावर बोलले. मावशींनी बँकेची वाट सोडली होती. मुलाने मात्र दम्मामहून फोन केला, ‘‘काका, चूक माझी. मी आईला कार्ड दिले, पण समजावले काही नाही.’’

मग आम्ही मावशींना पुन्हा बँकेत नेले. त्यांच्या नावाचे खाते उघडले. कार्ड आले त्या दिवशी आम्ही मशीनपाशी त्यांच्या मागे चार पावले उभे राहिलो. त्यांनी एका हाताने बटणे झाकली, दुसऱ्या हाताने एकेक आकडा दाबला. वेळ लागला. रांगेतला एक जण पुढे होऊन म्हणाला, ‘‘आजी, मी करून देऊ का?’’

मावशी म्हणाल्या, ‘‘नको बाळा. येतं मला.’’

तो पिन कोणता, हे आम्हाला ठाऊक नाही. येत्या रविवारी परदेशातून मुलाचा फोन आला की वाचकांनी त्याला एवढेच विचारावे: तुझे सिम चालू आहे का, बँकेला तू परदेशी असल्याचे कळवले आहेस का आणि तुझे चार आकडे आणखी कुणाला ठाऊक आहेत?