भरपाई मंजूर, खाते नामंजूर

या महिन्यात निवारागृहांच्या अधीक्षिका, समुपदेशक आणि क्षेत्रकार्यकर्त्यांची जी पत्रे आली, त्यांतल्या बहुतेकांत एकच रड आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा भरपाईचा आदेश हातात आहे, पण देहव्यापारातून सुटलेल्या बाईचे बँक खाते उघडत नाही म्हणून पैसे अडलेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 ने प्राधिकरणाला चौकशीसाठी दोन महिन्यांची मुदत घातली. आदेशानंतरच्या महिन्यांचा जाब मात्र कुणीच विचारत नाही.

गडहिंग्लज भागातून आलेली हकीकत वाचा. बाई सीमेपलीकडच्या गावातली. आधार आहे, पण त्यावरचा पत्ता तिला दलालाच्या हवाली करणाऱ्या मामाच्या घराचा, आणि जोडलेला मोबाइलही त्याचाच. खाते उघडायला गेले की ओटीपी मामाच्या फोनवर जातो. उद्या खाते उघडलेच, तर एटीएम कार्ड टपालाने त्याच्याच दारात पडेल. शाखाधिकारी म्हणतात, गावाकडून रहिवासी दाखला आणा. जीव वाचवून आलेल्या बाईने ग्रामपंचायतीत उभे राहून आपला ठावठिकाणा गावाला सांगायचा, असा याचा अर्थ होतो. हे साहेबांच्या लक्षातच येत नाही, की लक्षात घ्यायचेच नाही?

नियम आडवा येतो म्हणावे, तर तसेही नाही. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या अधीक्षकांनी दिलेले छायाचित्रासह प्रमाणपत्र आधारसाठी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा म्हणून चालते. मोबाइल क्रमांक बदलायला कागद लागतच नाही, आधार केंद्रावर ठसे दिले की पुरते. आधार ई-केवायसीने खाते उघडताना सध्याचा पत्ता वेगळा असेल, तर रिझर्व्ह बँकेला स्वयंघोषणा मान्य आहे. काहीच कागद नसतील तर छोटे खाते आहे. त्यात शिलकीची मर्यादा 50,000 रुपये, पण सरकारी अनुदान व कल्याणकारी लाभ जमा होताना ती लागू नाही. पीडित भरपाई या सवलतीत धरावी, असे एक पत्र अग्रणी बँकेने सर्व शाखांना पाठवले तर निम्मी प्रकरणे सुटतील. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील बँकांची जिल्हा सल्लागार समिती दर तिमाहीला बसते. पीककर्जाच्या उद्दिष्टांवर तास घालवणाऱ्या या बैठकीने या विषयाला दहा मिनिटे द्यावीत.

सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 रोजी बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात धंद्यातल्या स्त्रियांना पत्त्याच्या पुराव्याविना आधारची वाट करून दिली. पण त्यासाठीचे प्रमाणपत्र एड्स नियंत्रण यंत्रणेकडून येते. जी त्यातून बाहेर पडली, तिला त्याच ओळखीचा कागद घ्यायला लावू नका.

आता आपल्यातल्यांविषयी. काही अधीक्षिका प्रमाणपत्रावर सहीच करत नाहीत. ‘उद्या ती निघून गेली तर माझ्यावर येईल,’ हे कारण आम्ही अनेकदा ऐकले. तुम्ही सही करता ती तिच्या ओळखीसाठी आणि आजच्या वास्तव्यासाठी, तिच्या पुढच्या आयुष्याची हमी म्हणून नव्हे. सही नाकारून तुम्ही तिला पुन्हा मामाच्या पत्त्यावर पाठवता. उलट काही गृहे पत्ता घालून देतात आणि विसरतात. मग भाड्याची खोली शोधताना घरमालक आधारवर संस्थेचे नाव वाचतो आणि खोली मिळत नाही. गृह सोडताना पत्ता पुन्हा बदलून देणे, हे पाठपुराव्यातले पहिलेच काम असले पाहिजे.

म्हणून विनंती. प्रवेश होताच त्या आठवड्यात मोबाइल क्रमांक बदलून घ्या, आदेशाची वाट पाहू नका. शाखेत तोंडी नकार ऐकून परत फिरू नका; लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अर्ज फेटाळला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे कामकाज कोल्हापुरातच सुरू आहे, याचिकेसाठी मुंबईची वारी उरलेली नाही. तिची संमती घेऊन, नाव-गाव वगळून, अर्जांच्या आणि नकारांच्या प्रती आमच्याकडे पाठवा. पुढच्या तिमाही बैठकीआधी त्यांचा गठ्ठा जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायचा आहे.