यंत्रपूजेचा खरा अर्थ

खंडेनवमीला महाराष्ट्रातील घरांत, कारखान्यांत आणि कचेऱ्यांत शस्त्रे व अवजारे पूजली जातात. पूर्वी नांगर, तराजू, करवत यांना हळदकुंकू वाहिले जाई. आता त्यांच्याच रांगेत संगणकालाही झेंडूचे फूल मिळते. परंपरा काळाबरोबर चालते, याची ही सुंदर खूण आहे. मात्र ज्याची पूजा करावयाची त्याचे रक्षणही करावयाचे, ही प्रतिज्ञा या पूजेत अध्याहृत असते. संगणकाच्या बाबतीत ही प्रतिज्ञा कितपत पाळली जाते, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

संगणकाचा शत्रू म्हटले की विषाणू, चोरलेला परवलीचा शब्द, बँक खात्यातून गेलेले पैसे एवढेच डोळ्यांसमोर येते. परंतु संगणकाचे शरीरच जाळून टाकता येते, हे अजून समाजाच्या पुरेसे ध्यानात आलेले नाही. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेतील आल्बनी येथील सेंट रोझ महाविद्यालयात एका तरुणाने एकामागून एक ६६ संगणक निकामी केले. त्याच्या हाती पेनड्राइव्हसारखे दिसणारे एक लहानसे उपकरण होते. नुकसान ५८,४७१ डॉलरचे झाले. हा प्रकार त्याने स्वतःच्या मोबाइलवर चित्रित केला होता. त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला बारा महिन्यांचा कारावास झाला. हा तरुण भारतीय होता आणि त्याच महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी होता.

या उपकरणाची रीत साधी आहे. संगणकाच्या यूएसबी खाचेतून मिळणारी पाच व्होल्टची वीज ते आपल्या पोटातील धारित्रांत साठवते, तिचा दाब दोनशे व्होल्टच्या आसपास नेते आणि माहिती वाहून नेणाऱ्या तारांमधून तीच वीज उलट संगणकात सोडते. हे एका सेकंदात अनेकदा घडते आणि मदरबोर्ड जळून जातो. घरोघरी बसवलेला स्टॅबिलायझर किंवा यूपीएस येथे काहीच करू शकत नाही. कारण ही साधने भिंतीतून येणाऱ्या विजेवर पहारा करतात आणि हा घाव दुसऱ्याच दाराने येतो. यजमानाचे मीठ खाऊन यजमानाचेच घर जाळावे, तसा हा प्रकार आहे.

महाविद्यालयातील संगणक जळले तर पैशाचे नुकसान होते. संगणकाच्या आधारे जेथे राष्ट्रजीवनाचे गाडे चालते, तेथे हाच घाव बसला तर काय होईल? नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातील खापरखेडा औष्णिक वीज केंद्राचे उदाहरण घ्यावे. २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक अशा पाच संचांचे, १३४० मेगावॉट क्षमतेचे हे केंद्र आहे. कोळसा, बॉयलर, टर्बाइन, जनित्र ही त्याची डोळ्यांना दिसणारी अंगे. पण त्यांना क्षणोक्षणी आज्ञा देणारे संगणक नियंत्रण कक्षात असतात. चिमणीची उंची लांबून दिसते, संगणकाची खाच कोणाला दिसत नाही. फाटकावरचा पहारेकरी झोळी तपासतो. खिशातील अंगठ्याएवढी वस्तू तो कशी ओळखणार?

ही भीती कल्पनेतील नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या विषाणूने इराणच्या नतांझ येथील अणुकेंद्रातील यंत्रांची मोडतोड केली. बाहेरच्या जाळ्याशी न जोडलेल्या त्या केंद्रात तो पेनड्राइव्हच्या मार्गाने शिरला, असे मानले जाते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या जागीच थांबल्या. गलवानच्या रक्तरंजित संघर्षाला तेव्हा चारच महिने झाले होते. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्य शासनाने त्यामागे सायबर घातपाताची शक्यता वर्तवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हेच कारण सांगितले. राजकीय वाद बाजूला ठेवला तरी बोध एकच निघतो. चूक आणि घातपात ही दोन्ही एकाच दाराने आत येतात. ते दार म्हणजे गाफील माणूस.

कायदा नाही असे नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये संगणकाला इजा पोहोचवणे समाविष्ट आहे आणि अप्रामाणिक हेतूने तसे केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. विश्वासार्ह स्रोताकडूनच उपकरणे घेण्याचा आग्रह त्यात आहे. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांची पूर्वी टिंगल होत असे. ज्या यंत्राचे अंतरंग आपल्याला ठाऊक नाही त्याच्या हाती राष्ट्राच्या नाड्या देऊ नयेत, हे सत्य आता शासकीय धोरणातही उतरले आहे.

तथापि कायदा गुन्ह्यानंतर धावतो. रक्षण त्याआधी करावे लागते. त्याचे उपाय खर्चिक नाहीत. महत्त्वाचे संगणक कुलूपबंद कपाटात ठेवावेत, बाहेर केवळ पडदा व कळफलक असावा. नको असलेल्या खाचा बुजवाव्यात किंवा त्यांना कुलूप घालावे. आवश्यक तेथे विजेचा थेट संबंध तोडून प्रकाशाच्या साहाय्याने माहिती पुढे पाठवणारे विलगक बसवावेत. माहितीची प्रत निराळ्या जागी ठेवावी. सापडलेला, भेट मिळालेला, अनोळखी पेनड्राइव्ह कोणत्याही संगणकाला लावू नये. शाळा, पतपेढी, ग्रंथालय, सेवावस्तीतील संगणक केंद्र, सर्वत्र हे करता येईल.

आणि एक उपाय कोणत्याही दुकानात मिळत नाही. आल्बनीत संगणक जाळणारा हात परक्या सैनिकाचा नव्हता. तो शिकल्यासवरलेल्या भारतीय युवकाचा होता आणि ज्या संस्थेने त्याला पदवी दिली तिच्यावरच तो उगारला गेला. मुलगा परदेशी शिकतो याचा अभिमान मध्यमवर्गीय घरांत असतो, तो असावाही. पण विद्येबरोबर विवेक गेला की नाही, हेही घराने पाहिले पाहिजे. कौशल्य शिकवणारे वर्ग गल्लोगल्ली निघाले; सार्वजनिक वस्तू ही आपली वस्तू आहे, हा संस्कार मात्र घरात आणि शाखेतच घडतो.

सीमेवर जवान जागा असतो. नियंत्रण कक्षात, कचेरीत, शाळेच्या संगणक खोलीत सामान्य नागरिकाने जागे राहावयाचे आहे. येत्या खंडेनवमीला संगणकावर फूल वाहताना त्याच्या उघड्या खाचेकडेही एकदा पाहावे. पूजा तेथून पूर्ण होईल.