माळीकाकांचं लॅटिन

सोलापूर रस्त्यानं मांजरीच्या पुढे निघालं की नर्सऱ्या लागतात. हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांतली रोपं ओळीनं मांडलेली आणि पाइपानं नुकतंच पाणी मारल्यामुळे पायाखाली चिखल. तिथल्या एका नर्सरीत परवा एक गृहस्थ रोपं भरणाऱ्या मुलाची शिकवणी घेत होते. मुलगा म्हणत होता ‘डिफनबाकिया’. गृहस्थ म्हणत होते, “अरे, डायफनबॅचिया म्हण. डाय-फन-बॅ-चिया.” मुलानं एकदा प्रयत्न केला, मग “ते पांढऱ्या ठिपक्यांचं ना साहेब? किती देऊ?” असं विचारून विषय संपवला.

आता गंमत बघा. हे झाड ज्याच्या नावानं ओळखलं जातं, तो योझेफ डीफनबाख व्हिएन्नातल्या शोनब्रुन राजवाड्याच्या बागेत माळी होता. ‘डाय’ त्यात कुठंच नाही आणि ‘चिया’ तर नाहीच. एका माळ्याचं नाव दुसऱ्या माळ्यानं जवळपास बरोबर उच्चारलं होतं. चूक सुधारणारेच चुकत होते. पण साहेबांच्या हातात मोबाइल होता आणि मुलाच्या हातात फावडं, त्यामुळे निकाल आधीच लागलेला.

शास्त्रीय नाव कसं लिहायचं, दोन नावं असतील तर कुठलं ग्राह्य धरायचं, यासाठी आंतरराष्ट्रीय नियमावली आहे, आणि ती चांगलीच काटेकोर आहे. अमुक उच्चार करा, अशी सक्ती मात्र ती करत नाही. विल्यम स्टर्न या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं ‘बोटॅनिकल लॅटिन’ हा जाडजूड ग्रंथ १९६६ साली लिहिला. या विषयात त्याच्याइतका अधिकारी माणूस शोधून सापडायचा नाही. त्याचंही म्हणणं साधारण असंच होतं, की ही मुळात लिहायची भाषा. कानाला बरं वाटलं आणि समोरच्याला समजलं की पुरे.

आपल्या हरभऱ्याचंच घ्या. शेतकी कॉलेजात मुलं त्याला ‘सायसर’ म्हणतात, कारण इंग्रज तसं म्हणतात. तेच लॅटिन नाव इटलीतला माणूस ‘चीचेर’ असं वाचेल. आणि खुद्द प्राचीन रोममध्ये ‘सी’चा उच्चार ‘क’ होता, म्हणजे ते झालं ‘किकेर’. प्रसिद्ध वक्ता सिसेरो याचं नाव या हरभऱ्यावरूनच पडलं, आणि त्याच्या हयातीत त्याला सगळे ‘किकेरो’ म्हणत. मग यातला शुद्ध कोण? ज्यांची भाषा, ते कधीच गेले. मागे उरलेले आपापल्या सोयीनं बोलतात.

आपण मात्र ‘शुद्ध’ म्हणताना नकळत ‘इंग्रजासारखं’ असं धरून चालतो. हा इंग्रज काय करतो? लेओनहार्ट फुक्स या सोळाव्या शतकातल्या जर्मन वैद्याच्या नावाच्या झाडाला तो ‘फ्यूशा’ म्हणतो. बिचाऱ्या फुक्सला आपलं नाव ऐकूही आलं नसतं. जरबेराची तीच कथा. मावळातल्या पॉलिहाउसमध्ये फुलांना प्लॅस्टिकच्या टोप्या घालून, दहा-दहाच्या जुड्या बांधून जो जरबेरा गुलटेकडीला जातो, तो त्राउगोट गेर्बर या जर्मनाच्या नावाचा. जर्मनीत आजही ‘गेर्बेरा’च म्हणतात. पहाटे मार्केट यार्डात कोणी ‘गेर्बेराचा काय भाव?’ असं विचारून बघावं. आडते आपल्याकडे बघतील, मग एकमेकांकडे बघतील, आणि दर बहुधा वाढवूनच सांगतील.

बोगनवेलीत तर मराठीनं कमालच केली. बुगँव्हील हा फ्रेंच दर्यावर्दी. १७८९ साली झाडाचं नाव छापलं गेलं तेव्हा खुद्द पॅरिसमध्येच त्याच्या नावातली काही अक्षरं गळाली होती. आजचं स्पेलिंग रुळायला विसावं शतक उजाडलं. आमच्या आज्यांनी असला घोळ घातला नाही. शेवटी ‘व्हिलिया’ ऐकू आलं, समोर वेल दिसत होती, झाली बोगनवेल.

एक अडचण मात्र खास आपली आहे. रोमन लिपीत नाव लिहून टाकलं की उच्चाराची जबाबदारी वाचणाऱ्यावर ढकलता येते. देवनागरीत ही पळवाट नाही. लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं. मराठी विश्वकोशाच्या नोंदींमध्ये लॅटिन नावं देवनागरीत आहेत, आणि आंब्यापुढे ‘मँजिफेरा इंडिका’ असं लिहिलेलं आहे. इंग्रजी वळणाचा हा ‘ज’ आपल्या तोंडी इतका बसलाय, की त्या नावात ‘मँगो’ दडलाय हे लक्षातच येत नाही. रोमन पद्धतीनं ‘मांगिफेरा’ म्हटलं की तो लगेच दिसतो. आणि ‘मँगो’ तरी कुठं इंग्रजांचा? तमिळ-मलयाळममधून तो पोर्तुगीजांकडे गेला, तिथून पुढे सगळीकडे.

म्हणजे मोडतोड एकाच दिशेनं झालेली नाही. आपलीही नावं तिकडे जाऊन चेपली गेली. नर्सरीत ‘एक्झोरा’ म्हणून जी लाल-केशरी गुच्छांची झुडपं मिळतात, त्यांचं नाव लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं ‘ईश्वर’ या शब्दावरून ठेवलं. मलबारात ही फुलं देवाला वाहत असत. ते नाव युरोपात पोचलं पोर्तुगीज वळणानं, आणि पोर्तुगीजमध्ये ‘एक्स’ म्हणजे ‘श’. रोमी कोकणी वाचणाऱ्या गोंयकाराला हे सांगावं लागत नाही. त्याच्या लेखी ‘एक्स’ नेहमी ‘श’च असतो. त्यानं ते अक्षर सरळ वाचलं तर निघतं ‘इशोरा’. ईश्वर हाकेच्या अंतरावर उभा! इंग्रजी वाचनानं त्याचा एक्झोरा केला आणि आपण तो निमूटपणे कुंडीत लावला.

त्याच मलबारातल्या वनस्पतींवर डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड यानं ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ ॲमस्टरडॅममधून १६७८ ते १६९३ या काळात काढला. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तिघे कोकणी वैद्य त्या कामात होते. त्यांचं कोकणी प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेलं आहे. पुढे लिनियसनं या ग्रंथाचा भरपूर आधार घेतला. तेव्हा आज जे ‘परदेशी’ नाव उच्चारताना आपली जीभ अडखळते, त्याच्यामागे कधीतरी आपल्याच कुणा वैद्यानं दाखवलेलं झाड असू शकतं.

उलटही आहेच. महाराष्ट्राचं राज्यफूल तामण. त्याचं लॅटिन नाव लागेरश्ट्रोम या स्वीडिश व्यापाऱ्याचं. कढीपत्त्याच्या पहिल्या नावात मरे, दुसऱ्यात क्योनिग. फोडणीत दोन युरोपीय रोज तडतडतात. (अलीकडे त्यातल्या मरेसाहेबांना काढून तिथे दुसरं नाव आणलंय, पण फोडणीला ते अजून कळलेलं नाही.) शिवनेरीच्या कड्यावर उगवणारी दुर्मीळ शिंदळ माकुडी ‘फ्रेरिया’ झाली ती मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यामुळे. एके काळी ‘फ्रिअर रोड’ म्हणणारा मुंबईकर झाडाला मात्र ‘फ्रेरिया’च म्हणतो. आणि हे नाव ठेवणाऱ्या शास्त्रज्ञाचं आडनाव आपण ‘डालझेल’ वाचतो. स्कॉटलंडात या आडनावाचा परंपरागत उच्चार आहे ‘डीएल’! साहेबांच्या घरातच हा प्रकार, तर माळीकाकांना कोणत्या तोंडानं बोलायचं?

उच्चारावरून कुणाचं अडत नाही. झाड समोर असतं, बोट दाखवता येतं. अडतं ते नाव ऐकून झाडच ओळखू आलं नाही तर. आमच्या सोसायटीत सावलीसाठी झाडं लावायची ठरली. कुणीतरी करंज सुचवला. लगेच पानगळ, फुलांचा कचरा, गाड्यांवर पडणाऱ्या शेंगा, असे आक्षेप आले आणि करंज बारगळला. पुढच्या बैठकीत बागेच्या ठेकेदारानं छापील यादी आणली. त्यात ‘पोंगामिया’ होता. कमिटीतल्या दोघांनी त्याचा उच्चार दोन तऱ्हांनी केला, त्यावर जरा चर्चा झाली, आणि पोंगामिया एकमतानं मंजूर झाला. ट्रकमधून रोपं उतरली तेव्हा माळीकाका म्हणाले, “करंज आलाय, कुठं लावू?” बिलात दर मात्र पोंगामियाचा होता.