काय फवारलं होतं?

२०१७ च्या कपाशी हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. दिग्रसकडच्या शेतांत आजही ‘काय फवारलं?’ विचारलं, की उत्तर येतं, ‘ते निळ्या बाटलीतलं.’ दवाखान्यातही तेच सांगितलं, तर कागदावर नुसतं ‘विषबाधा’ लागतं. वास्तविक ऑरगॅनोफॉस्फेट औषधांच्या बाधेला जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-१०’ रोगसूचीत टी ६०.० हा वेगळा क्रमांक आहे. तो नीट लागला, तर कोणत्या गावात किती माणसं आजारी पडली, हे लवकर कळतं.

या नोंदींचंच शास्त्र म्हणजे मेडिकल इन्फॉर्मेटिक्स. २०२१ मध्ये देशभर डिजिटल आरोग्य मिशन आलं, १४ अंकी ‘आभा’ क्रमांक आला. त्यामुळं अशा माणसांची गरज आहे. बारावी सायन्सनंतर एमबीबीएसचा नंबर हुकलेल्या पोरापोरींनी इकडं बघावं. दवाखान्यातल्या नोंदी, विम्याचे दावे, सॉफ्टवेअर, अशी कामं असतात. बहुतेक शहरातच, हेही खरं. दोन-तीन महिन्यांच्या ‘कोडिंग’ क्लासची फी भरण्याआधी मात्र विचारा, पदवी कोणत्या विद्यापीठाची? दवाखान्यात प्रत्यक्ष काम शिकवता का?

आणि यंदा फवारताना कुणाला गरगरलं, तर त्याच्याबरोबर बाटलीही दवाखान्यात न्या, लेबलासकट.