गल्ला मोजता, माणसे केव्हा मोजणार?

२०१७ च्या मे महिन्यात आमीर खानचा 'दंगल' चीनमध्ये लागला आणि त्याने तिथे बाराशे कोटी रुपयांवर गल्ला जमवला. तेव्हापासून परदेशातल्या भारतीय चित्रपटाच्या यशाचा विषय निघाला की हाच आकडा पुढे केला जातो. पण १९५४ साली सोव्हिएत रशियात राज कपूरचा 'आवारा' लागला, तेव्हा त्याची सुमारे ६ कोटी ४० लाख तिकिटे विकली गेली होती. 'दंगल'ची चीनमधली तिकिटे चार कोटींहून अधिक, पण 'आवारा'पेक्षा कमीच. मग मोठा कोण? रुपये मोजले तर 'दंगल', माणसे मोजली तर 'आवारा'.

त्या काळी रशियात करमणुकीची साधने मोजकी होती आणि बाहेरचा कोणता चित्रपट आणायचा हे सरकार ठरवत होते, हे खरेच. पण चीनमध्ये तरी दार सताड उघडे कुठे होते? उत्पन्नात वाटा देऊन आणायच्या परदेशी चित्रपटांचा कोटा तिथे २०१२ पासून वर्षाला ३४ होता आणि अशा चित्रपटाच्या निर्मात्याला गल्ल्याचा जेमतेम पाव हिस्सा मिळे. म्हणजे गल्ल्याच्या आकड्यावरून निर्मात्याच्या पदरात काय पडले तेही कळत नाही आणि प्रेक्षक किती आले तेही कळत नाही.

फ्रान्समध्ये चित्रपटाचे यश तिकिटांच्या संख्येवर मोजतात. दक्षिण कोरियात सरकारी चित्रपट परिषद रोजची प्रेक्षकसंख्या जाहीर करते. म्हणूनच सुमारे पाच कोटींच्या त्या देशात 'अवतार' हा परदेशी चित्रपट १ कोटी ३० लाखांहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला, हे आपण इथे बसून सांगू शकतो. मात्र आपल्याच 'सैराट'बद्दल तसे सांगता येत नाही. २९ एप्रिल २०१६ ला आलेला नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट शंभर कोटींचा टप्पा गाठणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. पण जातीच्या अहंकारातून होणारा खून महाराष्ट्रातल्या किती माणसांनी पडद्यावर पाहिला, याचा अधिकृत आकडा कोणी प्रसिद्ध केलेला नाही.

याने बिघडते काय? आमच्या महाड-पोलादपूरच्या हिशेबात सांगतो. मुंबईच्या मल्टिप्लेक्सचे तिकीट ३०० रुपये आणि तालुक्याच्या पडद्याचे १०० रुपये धरा. गल्ल्याच्या यादीत महाड एमआयडीसीतले तीन कंत्राटी कामगार मिळून मुंबईचा एक प्रेक्षक होतो! पोलादपूरच्या डोंगरवाडीवरचा माणूस एसटीचे भाडे भरून, दिवसाची मजुरी बुडवून सिनेमाला येतो. ते पैसे तर कुठल्याच यादीत धरले जात नाहीत. मग भांडवल घालणारा ३०० रुपयांच्या खुर्चीला आवडेल तीच कथा शोधतो. तालुक्याचा पडदा बंद पडतो आणि 'ग्रामीण भागात प्रेक्षक उरला नाही' असे म्हणायला पुन्हा हेच मोकळे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी याच विसंगतीचा इशारा दिला होता. राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य हे आपण मान्य करू. पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात माणसाचे समान मूल्य नाकारत राहू, असे ते म्हणाले होते. सिनेमाचा गल्ला हा त्या विसंगतीचा रोज छापला जाणारा पुरावा आहे. ज्या महाडात २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले, तिथल्या लोकांना तरी हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आकडे मिळत नाहीत, ही सबब टिकणारी नाही. मुंबई करमणूक शुल्क अधिनियम, १९२३ खाली तिकिटावरचा कर सरकार वर्षानुवर्षे वसूल करत होते. २०१७ साली जीएसटी आला. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के कर आहे. म्हणजे तिकिटाच्या दराप्रमाणे हिशेब ठेवणे थिएटरमालकाला भागच आहे. तोच हिशेब चित्रपटवार आणि तालुकावार घेऊन सरकारने प्रसिद्ध करावा, मराठी चित्रपटांचे अनुदान ठरवताना प्रेक्षकसंख्येला वजन द्यावे, एवढीच आमची मागणी आहे.

आपल्या कार्यकर्त्यांनीही 'आपला सिनेमा इतक्या कोटींचा झाला' म्हणून फटाके वाजवण्यापूर्वी तो किती माणसांपर्यंत पोहोचला, हे विचारावे. चळवळीचे बळ माणसांत असते, गल्ल्यात नव्हे.