‘जुनी बंदूक’ आणि प्रेक्षकांचा कौल

रोबेर एन्रिको यांनी दिग्दर्शित केलेला ‘ल व्ह्यो फ्युझी’, म्हणजेच ‘जुनी बंदूक’, हा फ्रेंच चित्रपट १९७५ साली पडद्यावर आला. त्यास अर्धशतक लोटले, तरी प्रेक्षकांचे त्याविषयी एकमत झालेले नाही. ते का होत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

कथानक साधे आहे. १९४४ साली मोंतोबां शहरातील एक शल्यविशारद पत्नीला व मुलीला सुरक्षिततेसाठी आपल्या खेड्यातील जुन्या गढीत पाठवितो. काही दिवसांनी तो भेटीस जातो, तेव्हा गावकऱ्यांची प्रेते चर्चमध्ये पडलेली असतात. मुलीला गोळी घातलेली असते आणि पत्नीला ज्वालायंत्राने जाळलेले असते. जर्मन सैनिक अद्याप गढीतच असतात. डॉक्टर शिकारीची जुनी बंदूक बाहेर काढतो आणि बालपणापासून ठाऊक असलेल्या चोरवाटांनी हिंडत त्यांना एकेक करून ठार मारतो.

सामान्य प्रेक्षकांनी चित्रपट उचलून धरला. फ्रान्समध्ये त्याची तीस लाखांहून अधिक तिकिटे खपली. १९७६ साली प्रथमच देण्यात आलेल्या सेझार पारितोषिकांत उत्कृष्ट चित्रपट, उत्कृष्ट अभिनेता (फिलिप न्वारे) व उत्कृष्ट संगीत हे मान त्यास लाभले. समीक्षकांपैकी काहींनी मात्र कठोर आक्षेप घेतला. त्यांच्या मते येथे हत्याकांडाचा तमाशा होतो आणि सूडाची चटक प्रेक्षकाला लावली जाते.

हा आक्षेप अगदीच निराधार नाही. प्रत्येक सैनिक पडताच मनाला समाधान वाटते, हे कोण नाकारील? परंतु त्या समाधानाचे मूळ इतिहासात आहे. कथेची प्रेरणा ओरादूर-सुर-ग्लान या गावच्या संहारातून घेतलेली आहे. १० जून १९४४ रोजी ‘दास राइख’ या एस.एस. डिव्हिजनच्या सैनिकांनी तेथे ६४३ माणसे मारली. स्त्रिया व मुले चर्चमध्ये कोंडली. १९५३ साली बोर्दो येथे खटला चालला. पण शिक्षा झालेल्यांपैकी सक्तीने भरती केलेल्या तेरा अल्सेसवासीयांना संसदेने लगोलग माफी दिली. डिव्हिजनचा सेनापती लामर्डिंग यास फ्रेंच न्यायालयाने गैरहजेरीत देहदंड फर्माविला होता. तो मात्र १९७१ साली पश्चिम जर्मनीत मोकळेपणी जगून मेला. त्यानंतर चारच वर्षांनी हा चित्रपट आला. न्यायासनाने जे दिले नाही, ते चित्रगृहाच्या अंधारात प्रेक्षक मागत होते, असे आम्हांस वाटते.

येथे जेरुसलेममधील १९६१ च्या आइखमान खटल्याचे स्मरण होते. तेथे शंभरांहून अधिक साक्षीदार बोलले, आणि मृतांची कहाणी जगाने ऐकली. बंदुकीला साक्ष देता येत नाही. डॉक्टरने सर्वांना ठार मारले, तरी त्याच्या पत्नीचे व मुलीचे काय झाले, हे त्या गढीबाहेर कोणास कळणार?

चित्रपटाला हे कळले आहे, असे आमचे मत आहे. सैनिक गढीत डॉक्टरच्या कुटुंबाची घरगुती फिल्म लावून पाहतात, आणि तो आरशामागील अंधारातून आपलाच गतसंसार पाहत उभा राहतो. या प्रसंगात शस्त्र चालत नाही. पण सबंध चित्रपटात याहून भयंकर काही नाही. न्वारे यांचा डॉक्टर स्थूल, चष्मेधारी, सौम्य गृहस्थ आहे. तो वीर होत नाही, तो फक्त रिता होत जातो. रोमी श्नायडर यांची पत्नी बव्हंशी त्याच्या आठवणींतच वावरते, आणि तिचे हास्यच प्रेक्षक घरी घेऊन जातो. अखेरीस सूड पुरा होतो. मित्राच्या मोटारीत बसलेला डॉक्टर पत्नी जिवंत असल्यासारखा तिच्याविषयी बोलू लागतो, आणि मग त्याला रडू कोसळते. ज्यांनी हे दृश्य लक्ष देऊन पाहिले, ते या चित्रपटाला सूडाचे गौरवगीत म्हणणार नाहीत.

मुलाबाळांनी पाहावा असा हा चित्रपट नव्हे. प्रौढांनी अवश्य पाहावा, आणि आपले मत आम्हांस कळवावे.