परदेशच्या दवाखान्यात शिकाऊ वैद्याने का व कसे जावे?

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचा एक माजी विद्यार्थी आपल्या वडिलांसह घरी आला. तो वैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या हाती एका संस्थेचे पत्रक होते. पूर्व आफ्रिकेतील एका लहानशा रुग्णालयात चार आठवडे स्वयंसेवक म्हणून राहण्याची संधी, व त्यासाठी विद्यार्थ्याने भरावयाची रक्कम, असा त्यातील मजकूर होता. एक वाक्य ठळक अक्षरांत छापले होते. मायदेशी जे करावयास मिळत नाही ते येथे स्वतःच्या हाताने करावयास मिळेल, असा त्याचा आशय होता. वडील कोरडवाहू शेतकरी. ते म्हणाले, "गुरुजी, पैशाचं मी बघतो. पण पोराला धाडू का नको, तेवढं तुम्ही सांगा."

आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. विचारास अवधी मागून घेतला. आपल्या शाळेतील मुले-मुली वैद्यकीय शिक्षणाकडे वळू लागली आहेत, तेव्हा हा प्रश्न आज एका घरी उभा राहिला तो उद्या दहा घरी राहील. म्हणून त्याचे उत्तर सर्व पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवणे बरे, असे आम्हांस वाटते.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, परक्या देशातील दुःखिताच्या सेवेस जाण्याची इच्छा ही थोर इच्छा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे त्याचे आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उज्ज्वल उदाहरण होय. त्यांचा जन्म १९१० साली झाला. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते पुढील परीक्षेची तयारी करीत असता, जपानशी झुंजणाऱ्या चीनला वैद्यकीय साह्य पाठविण्याचे राष्ट्रसभेने ठरविले. १९३८ च्या सप्टेंबरात पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून निघाले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि अठ्ठावीस वर्षेही पूर्ण न झालेले कोटणीस होते. बाकीचे चौघे यथाकाल स्वदेशी परतले. कोटणीस तेथेच राहिले. नॉर्मन बेथ्यून ह्या कॅनडाच्या शल्यवैद्याच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे ते १९४१ साली प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे तेथेच देहावसान झाले. पुढे १९४६ साली व्ही. शांताराम ह्यांनी त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला, त्यामुळे त्यांचे नाव घरोघरी गेले.

ह्या चरित्रातील त्याग सर्वांच्या डोळ्यांत भरतो. परंतु त्यातील दोन साध्या गोष्टींकडे आम्ही विद्यार्थ्यांचे लक्ष वेधू इच्छितो. कोटणीस गेले ते पदवीधर होऊन गेले. जे काम करावयाचे ते करण्याची योग्यता त्यांनी अगोदर मिळविली होती. आणि तेथे गेल्यावर त्यांनी चिनी भाषा इतकी आत्मसात केली की, ते त्या भाषेत विद्यार्थ्यांस शिकवू लागले. ज्याला रोग्याचे कण्हणे ऐकू येते पण बोलणे कळत नाही, त्याची सेवा अर्धीच राहते, हे त्यांनी जाणले होते.

आता उलट दिशेने पाहू. एके काळी आपला मुलूखच कोणाचा तरी परदेश होता. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेस रुग्णालय उघडले. १९२८ साली ते निवृत्त झाले. मधली चौतीस वर्षे त्यांनी शस्त्रक्रिया तर केल्याच, पण येथील तरुणांस वैद्यकी शिकविण्याचेही काम केले. परक्या वैद्याचे खरे यश त्याने किती रोगी तपासले ह्यावर मोजावयाचे नसते. तो गेल्यानंतर मागे किती हात तयार राहिले, ह्यावर ते मोजावयाचे असते.

ह्या दोघांच्या शेजारी ते पत्रक ठेवून पाहा. त्यात योग्यतेची अट नाही, भाषेचा उल्लेख नाही, मुदत चार आठवड्यांची. जे मायदेशी करण्यास मनाई आहे ते तेथे करता येईल, हेच त्याचे आमिष! पण आपल्याकडे मनाई का आहे? पदवीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही एक वर्ष वरिष्ठांच्या देखरेखीखाली आंतरवासी म्हणून काम करावे लागते, ते रोग्याचा जीव मोलाचा म्हणून. मग समुद्र ओलांडताच तो जीव स्वस्त होतो काय?

कोणी म्हणेल, "जेथे डॉक्टरच नाहीत, तेथे शिकाऊ का होईना, दोन हात लाभले तर बिघडले काय?" हा युक्तिवाद वरवर पाहता दयेचा वाटतो. समजा, आपल्या आईस तालुक्याच्या रुग्णालयात आणले आहे. मराठीचा एक शब्द न जाणणारा, तिसऱ्या वर्षात शिकणारा कोणी परदेशी तरुण सुई-दोरा घेऊन तिच्या जखमेस टाके घालावयास पुढे आला आणि म्हणाला, "आमच्या देशी मला हे करू देत नाहीत, म्हणून मी येथे आलो." आपण त्यास काय उत्तर द्याल? जे उत्तर आपण द्याल तेच आफ्रिकेतील त्या मातेच्या मुलाचेही असेल. फरक एवढाच की, ते बोलून दाखविण्याचे धैर्य गरिबास बहुधा होत नाही. शिवाय, शिकाऊ माणसावर लक्ष ठेवण्यास एक जाणता माणूस लागतो. जेथे मुळात एकच डॉक्टर आहे, तेथे त्याचा वेळ रोग्याकडून काढून पाहुण्यास द्यावा लागतो, हेही विसरून चालणार नाही.

मग शिकाऊ विद्यार्थ्याने जाऊच नये काय? आमचे मत तसे नाही. अवश्य जावे; पण देणारा म्हणून न जाता घेणारा म्हणून जावे. मुलांची वजने घ्यावी, नोंदवह्या लिहाव्या, सांगितल्यास मलमपट्टीस हातभार लावावा, आणि यंत्रे नसताना नुसते डोळे, कान व बोटे ह्यांच्या बळावर अनुभवी वैद्य रोगाचे निदान कसे करतो, ते पाहावे. हे शिक्षण मोठ्या शहरात सहसा मिळत नाही.

अशा शिक्षणाचे ठिकाण आपल्या वेशीलाच लागून आहे. आपल्या पाटोदा-आष्टी तालुक्यांच्या शेजारी जामखेड आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन आले आणि १९७० साली त्यांनी तेथे ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. ज्यांस अक्षरओळखही नव्हती अशा गावोगावच्या स्त्रियांस त्यांनी आरोग्यसेविका केले. पुढे देशोदेशींचे लोक जामखेडला आले ते ह्या स्त्रियांचे काम पाहून शिकावयास. परदेशी जाऊन शिकणे आणि परत येऊन आपल्या लोकांस उभे करणे, ह्या दोन्ही गोष्टी आरोळे दांपत्याने करून दाखविल्या.

आठ दिवसांनी पितापुत्र पुन्हा आले. आम्ही मुलास सांगितले की, त्या संस्थेस न लिहिता प्रत्यक्ष त्या रुग्णालयास पत्र लिही आणि तीन प्रश्न विचार. माझ्यावर देखरेख कोण करील? तुमच्या रोग्यांची भाषा मी येण्यापूर्वी किती शिकून यावी? आणि मी आलो नाही, तर तेच पैसे तुमच्या कोणत्या कामी येतील? तिसरा प्रश्न ऐकून मुलगा थोडा हिरमुसला. वडील मात्र हसले. त्याने पत्र धाडले आहे. उत्तर अद्यापि यावयाचे आहे. ते येईपर्यंत प्रत्येक सुटीत आपल्याच तालुक्याच्या रुग्णालयात परवानगी काढून बसावयाचे, असे त्याने ठरविले आहे. तेथील रोग्यांची भाषा त्यास येते, ही काही लहान पात्रता नव्हे.